रॉकेलवर चाललेली बुलेट

जुन्या बुलेटजवळ माणूस थांबला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ओरिजिनल आहे का? कुणी टाकीवर हात फिरवत विचारतो, कुणी वाकून इंजिनाकडं बघत विचारतो. हट्ट्याच्या बाजारात, झिरो फाट्यावर चहाच्या टपरीसमोर, वसमतच्या मोंढ्यात, जिथं जिथं मी माझी १९७४ सालची बुलेट उभी केली तिथं हा प्रश्न आलाच. मी आयटीआयत मोटार मेकॅनिकचा ट्रेड शिकवून निवृत्त झालो. हो किंवा नाही एवढं उत्तर देता यावं इतकं माझं शिक्षण नक्की आहे. तरी मला ते देता येत नाही. का देता येत नाही, याचा विचार करत गेलो आणि धम्मातल्या एका जुन्या प्रश्नापाशी पोचलो. एखाद्या वस्तूचा एकेक भाग बदलत गेला तर ती वस्तू तीच राहते का? आणि राहत नसेल, तर तिच्यावर आधी ज्यांनी हात चालवला त्यांच्या कामाचं देणं-घेणं पुढं कुणाकडं जातं?

मुळात ओरिजिनल कशाला म्हणायचं? बुलेट हे नाव इंग्लंडातल्या रेडिचच्या कारखान्याचं, १९३०च्या दशकातलं. मद्रासजवळ तिरुवोट्टियूरला १९५५ पासून ती जोडायला सुरुवात झाली. आधी सुटे भाग जहाजातून यायचे, पुढं तेही इथंच ओतले जाऊ लागले. रेडिचचा कारखाना १९६७ मध्ये बंद पडला आणि १९७० पर्यंत इंग्लंडमधलं त्यांचं उत्पादनच थांबलं. म्हणजे माझी गाडी मद्रासच्या फाटकातून बाहेर पडली तेव्हा जिच्या नमुन्यावर ती बनली ती मूळ कंपनीच जगात उरली नव्हती. पुढं १९९४ मध्ये मद्रासची कंपनी आयशरकडं गेली. आज तीच कंपनी शतकाहून जुनी परंपरा सांगते आणि लोक ती मान्य करतात. कंपनीनं मालक, देश, कारखाना, ओतीव लोखंड सगळं बदललं तरी ती तीच. आणि खेड्यातल्या मिस्त्रीनं एक प्लेट बदलली की गाडी बिघडवलेली! हा न्याय मला कधी पटला नाही.

आमच्या इथून औंढा काही लांब नाही. नागनाथाच्या देवळापुढं उभं राहिलं की खालचं कोरीव काळ्या दगडाचं काम आणि वरचं नंतरच्या काळातलं पांढरं शिखर, दोन्ही एका नजरेत येतात. दोन काळ, दोन पद्धतीचं बांधकाम, जोड कुठं आहे तेही झाकलेलं नाही. हजारो माणसं तिथं दर्शनाला जातात. देऊळ ओरिजिनल आहे का, असं तिथं कुणी विचारत नाही.

गाडी मिळाली ती जवळच्याच एका हळद पिकवणाऱ्या घरातून. मालक वारले होते, मुलगा पुण्याला कंपनीत, गाडी कडब्याच्या गंजीमागं पत्र्याच्या शेडात उभी. घरच्या काकूंनी फार घासाघीस केली नाही. व्यवहार झाला, आरसी बुकवरचा इंजिन नंबर क्रँककेसवरच्या नंबराशी जुळवून बघितला, चासीचा जुळवला. कागदाच्या हिशेबानं गाडी तीच होती.

पण हात लावायला लागलो तसं एकेक दिसू लागलं. टाकीखालचा कॉक कंपनीचा नव्हता. दोन वाटांचा पितळी कॉक होता तो, एका वाटेला टाकीची नळी, दुसरी वाट मोकळी. सीटखाली फ्रेमला एक पट्टी वेल्डिंग करून जोडलेली, तिला दोन भोकं. काहीतरी तिथं टांगलेलं असणार. उजव्या बाजूचं टॅपेटचं झाकण काढलं. बुलेटचे पुशरॉड खालून आट्यांवर कमी-जास्त करता येतात. थंड इंजिनावर ते बोटानं मोकळे फिरावेत आणि वरखाली मात्र हलू नयेत, एवढं बघायचं असतं. मिळवणी बरोबर होती, पण दोन्ही रॉडचे आटे नेहमीपेक्षा कितीतरी जास्त बाहेर आलेले. म्हणजे रॉड लांब करावे लागले होते. रॉड लांब का करावे लागतील? हेड वर गेलं असेल तरच. हेडपासून फ्रेमला जाणारी आधाराची पट्टी बघितली तर तिची भोकं कानशीनं घासून लांबट केलेली. पॉइंटच्या बाजूला गेलो, तर टायमिंग चांगलंच लेट ठेवलेलं.

आयटीआयत मी पोरांना सांगायचो की इंजिन उघडण्याआधी त्याला विचारायला शिका. इथं तर चार ठिकाणी चार साक्षीदार उभे होते आणि सगळे एकाच जागेकडं बोट दाखवत होते.

हेड उतरवलं, बॅरल उचललं. बॅरल आणि क्रँककेसच्या मधे, दोन कागदी पॅकिंगांच्या बेचक्यात अ‍ॅल्युमिनियमची एक प्लेट होती. रॉकेलनं धुऊन मी ती उन्हात धरली. बाहेरचा आकार हॅकसॉनं कापलेला. करवतीच्या रेघा एका कडेला अजून दिसत होत्या, बाकी सगळीकडं कानस फिरलेली. मधलं मोठं भोक पाडायला लेथ मिळाली नसावी. आधी गोलावर बारीक बारीक छिद्रांची रांग पाडून मधला तुकडा छिन्नीनं सोडवला होता आणि मग अर्धगोल कानशीनं कड घासत घासत गोल पूर्ण केला होता. पुशरॉडच्या वाटेला जागा सोडलेली. एका कोपऱ्यात कंपासच्या टोकानं मारलेली चापाची रेघ तशीच राहिली होती. स्टडच्या एका भोकाचं केंद्र बारीकसं चुकलं होतं, तेवढंच भोक एका अंगाला सरकवून बरोबर आणलं होतं. आणि वरून-खालून सगळ्या कडा मारलेल्या, कुठं बोटाला धार लागत नव्हती. बॅरलखाली गाडल्यावर ही प्लेट कुणाला दिसणार नव्हती. तरी त्या माणसानं कडा मारल्या होत्या.

व्हर्निअर लावला : तीन मिलिमीटर. बुलेटचा बोअर सत्तर, स्ट्रोक नव्वद, म्हणजे पिस्टन एका फेरीत ३४६ सीसी जागा झाडतो. डोक्यावरची जागा मी पिचकारीनं तेल भरून मोजली. प्लेटीविना त्रेसष्टच्या आसपास, म्हणजे कॉम्प्रेशन साडेसहाला एक. तीन मिलिमीटरच्या प्लेटीनं तिथं साडेअकरा सीसी वाढतात आणि कॉम्प्रेशन साडेपाचच्या थोडं वर येऊन थांबतं. गाडीची ताकद मुद्दाम कमी केली होती. दोन वाटांचा कॉक, सीटखालची पट्टी, लेट टायमिंग, ही प्लेट, सगळं एकत्र ठेवलं आणि उत्तर आलं : रॉकेल. दाब जास्त असला की रॉकेल मिसळलेलं इंधन प्लगच्या ठिणगीनं लागलेली ज्योत पोचेपर्यंत दम धरत नाही, आपणहून पेटतं. इंजिन खडखडतं, पुढं पिस्टनला भोक पडतं. दाब उतरवला, टायमिंग मागं घेतलं की ते निभावतं. शेतावरची पंपाची इंजिनं अशीच चालायची. पेट्रोलवर सुरू करायची, तापली की रॉकेलवर घ्यायची, बंद करण्याआधी परत पेट्रोलवर आणायची, नाहीतर दुसऱ्या दिवशी दोरी ओढून ओढून हात निघायचा. सीटखाली पेट्रोलची छोटी टाकी असणार आणि मोठ्या टाकीत रॉकेल. पंपाचं शहाणपण त्या मिस्त्रीनं मोटारसायकलला लावलं होतं. साल मी मनात जुळवलं : बहात्तरचा दुष्काळ, १९७३ च्या शेवटी अरबांनी तेल रोखलं, पेट्रोलचे भाव भडकले. कारण सापडलं असं वाटलं.

माझं कॉलेज तेव्हाच्या औरंगाबादला नागसेनवनात झालं. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं १९५० मध्ये ते कॉलेज काढलं. पुढं प्रश्न विचारणाऱ्या राजाचं, मिलिंदाचं नाव कॉलेजला मिळालं, आणि उत्तर देणाऱ्या भिक्खूचं, नागसेनाचं नाव परिसराला. सालगड्याच्या पोरानं अशा जागी शिकावं याचं मोल मला तेव्हा कळत होतं. त्या नावांमागचा अर्थ मात्र प्लेट हातात आल्यावर जास्त उलगडला.

मिलिंद म्हणजे ग्रीक राजा मिनँडर, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला. सागल नगरीत तो नागसेनाला भेटतो. नागसेन सांगतो, मला नागसेन म्हणतात खरं, पण त्या नावामागं कायमचा असा कुणी आत्मा सापडायचा नाही. राजा चक्रावतो. मग नागसेन त्यालाच विचारतो, तू इथं कशातून आलास? रथातून. मग रथ म्हणजे कोणता भाग? आस? चाकं? जू? लगाम? सगळे भाग एकत्र? भागांहून निराळं काही? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. तरी तो रथातूनच आलेला असतो.

व्याख्यानांमधून ही गोष्ट सांगतात तेव्हा बहुतेक जण इथंच थांबतात : पाहा, रथ म्हणजे नुसतं नाव, आतमध्ये काही नाही. गॅरेजमध्ये उभं राहून हे ऐकलं तर मात्र ते अर्धवट वाटतं. बुलेटचे सगळे भाग मी गोणपाटावर मांडून ठेवले होते, एकही कमी नव्हता. त्याला कुणी बुलेट म्हटलं नसतं आणि त्यावर बसून कुणी वसमतला गेलं नसतं. भाग तेच, पण एकाचा एकाला आधार नाही. आधार कशाला म्हणतात ते त्या प्लेटीनं दाखवलं. ती घातली म्हणून पुशरॉड लांबले. हेड उचललं म्हणून पट्टीची भोकं लांबट झाली. रॉकेल आलं म्हणून टायमिंग मागं गेलं, दुसरी टाकी आली, तिच्यासाठी फ्रेमला वेल्डिंग झालं. यातला एकही बदल स्वतःच्या जिवावर उभा नाही. प्रतीत्यसमुत्पाद हा शब्द मी कॉलेजात पाठ केला होता. बाराखडीसारखी त्याची बारा अंगं घोकली होती. अविद्येपासून जरामरणापर्यंतची ती साखळी सोडा, एका साध्या इंजिनातसुद्धा 'हे का?' असं विचारलं की उत्तर कायम दुसऱ्याच भागाकडं बोट दाखवतं. वस्तू म्हणजे कारणांनी बांधलेली मोट. अनात्म म्हणजे आत पोकळी, असं मला आता वाटत नाही. आत कारणं खच्चून भरलेली असतात, आणि त्यांतलं एकही कायमचं नसतं.

माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदूनंतर बसवलेली भिंगं आहेत. व्हर्निअरवरची रेघ मी वाचतो ती त्यांतून.

पुण्याहून एक तरुण गाडी बघायला आला. इंजिनिअर, जुन्या गाड्यांचा खरा जाणकार, बोलायला अदबशीर. किंमत चांगली देत होता. त्याला ही बुलेट १९७४ मध्ये मद्रासहून निघाली तशी परत करायची होती. "सर, नट-बोल्टसुद्धा त्या काळचे मिळवीन मी," तो म्हणाला. "ती प्लेट तेवढी आधी काढून टाकू."

मी त्याला ग्रीकांचाच दुसरा प्रश्न सांगितला. थीसियसचं जहाज अथेन्सच्या लोकांनी जपून ठेवलं. फळी कुजली की नवी बसवायची, असं करता करता सगळ्याच फळ्या बदलल्या. जहाज तेच राहिलं का, यावर तिथले तत्त्वज्ञ वाद घालायचे, असं प्लुटार्कनं लिहून ठेवलं. सतराव्या शतकात हॉब्जनं त्यात आणखी भर घातली : काढलेल्या जुन्या फळ्या कुणी जपून ठेवल्या आणि त्यांचंच दुसरं जहाज बांधलं तर? तरुण हसला. त्याला ते लगेच कळलं, कारण तो हेच करणार होता. मुंबईच्या चोर बाजारातून, कोल्हापूरच्या गॅरेजांतून, दहा वेगवेगळ्या मेलेल्या बुलेटींचे जुने भाग आणून तो माझी गाडी 'तिची तिला' परत देणार होता. त्या दहा गाड्यांची माझ्या गाडीशी ओळख काय? साल एक, एवढीच. आणि जी प्लेट इतकी वर्षं या इंजिनात राहिली, तापली, थंड झाली, ती परकी ठरणार होती.

सरकारचं उत्तर सोपं आहे. गाडी म्हणजे नंबर. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीनं ठरवलेल्या मूळ तपशिलाला सोडून गाडीत बदल करू नये. रस्त्यावरच्या जिवांचा प्रश्न आहे, कायद्याला असंच बोलावं लागतं आणि ते योग्य आहे. पण कायदा सांगतो गाडी कशी असावी. गाडी अशी का झाली, हे तो विचारत नाही.

हे विचारायला मी काकूंकडं गेलो. त्या ओसरीवर हळकुंडं निवडत होत्या.

"काय शोधूलालात गुरुजी त्या गाडीत एवढं?"

मी प्लेट दाखवली. त्यांनी ती हातात घेतली, उलटसुलट केली. "मिस्त्रीची हाय ही. पूर्णेच्या रेल्वेच्या शेडात होता तो आधी. मग हिकडंच ऱ्हायला. आमच्या मालकाचं अन् त्याचं लई जमायचं. अंगणात बसून घासत होता, दोन दिस नुसता करकर आवाज."

"नाव काय त्यांचं?"

"नाव?" त्यांनी आठवून बघितलं. "सगळे मिस्त्रीच म्हणायचे. मालक दर अमावस्येला गाडीचं तेल बदलायचे, मिस्त्रीनं सांगितलं होतं म्हणून. म्या म्हणायची, पूजा घालता का गाडीला?"

पूजा नव्हती ती. रॉकेल पूर्ण जळत नाही, रिंगांवरून खाली उतरतं आणि इंजिनचं तेल पातळ करतं. तेल पातळ झालं की कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकातलं बुश खलास. वाफेच्या इंजिनांवर हात बसलेल्या माणसाला हे ठाऊक असणार. तेल लवकर बदलायचं, हा प्लेटीचाच एक भाग होता, फक्त तो लोखंडात नव्हता, मालकाच्या सवयीत होता.

मिलिंदाच्या त्याच ग्रंथात आंब्याच्या चोराची गोष्ट आहे. एकानं दुसऱ्याच्या झाडाचे आंबे चोरले. पकडल्यावर म्हणाला, यानं जे लावलं होतं ते मी घेतलंच नाही. यानं कोय लावली होती, मी तोडली ती फळं वेगळी. नागसेन राजाला विचारतो, हा सुटेल का? राजा म्हणतो, नाही. ती फळं त्या कोयीच्याच आधारानं आली. रथाच्या गोष्टीपेक्षा मला ही मोठी वाटते. रथात तेच का वेगळं एवढाच वाद आहे. इथं त्याच्या पुढं जाऊन विचारलंय की तेच नसलं तरी जबाबदारी उरते का. आणि उत्तर आहे : उरते. एकातून दुसरं निघालं की पुरे, दोन्ही एकच असायची गरज नाही.

बाबासाहेबांनी हा धागा आणखी पुढं नेला. त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात त्यांनी मागच्या जन्मीचं कर्म या जन्मी भोगायचं ही कल्पना साफ नाकारली. गरिबाला त्याच्या गरिबीचा दोषी ठरवणारी ती युक्ती आहे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आत्मा एका देहातून दुसऱ्यात जात नाही. शरीरातली द्रव्यं निसर्गात मिसळतात आणि त्यांतून नवं घडतं. कर्माचा नियम त्यांनी एकट्या माणसाच्या खात्यातून काढला आणि जगाच्या नैतिक व्यवस्थेला जोडला. केलेल्या कामाचं फळ येतंच, पण ते करणाऱ्याच्याच पदरात पडेल असं नाही. ते जगात पडतं.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे कोरडं वाटलं होतं. करणाऱ्यालाच फळ मिळणार नसेल तर न्याय कुठला? आज मला वाटतं, माणसाच्या अनुभवाशी यापेक्षा प्रामाणिक असं दुसरं काही मी वाचलेलं नाही. माझे आईवडील बहात्तरला दुष्काळी कामावर खडी फोडत होते. त्या खडीवरून पुढं मोटारी गेल्या, मालकाची ही बुलेट गेली, आज मी जातो. त्यांच्या हाताला घट्टे पडले, फळ रस्त्याला लागलं. मिस्त्री आज नाही, त्याचं नावही नाही. त्यानं कडा मारल्या त्याचं सुख माझ्या बोटांना मिळालं. त्याच्या कर्माचं फळ घेणारा मीच, आणि तो मला कधी भेटला नाही. कारखान्यातल्या नकाशावर आखणाऱ्याची सही असते, तपासणाऱ्याची असते. मिस्त्रीच्या प्लेटीवर फक्त कंपासची एक रेघ आहे. ओरिजिनलच्या नावाखाली ती भंगारात टाकणं म्हणजे ज्याचं नाव आधीच गेलंय त्याचं कामही पुसणं, असं मला वाटतं, आणि ते मला सहन होत नाही.

म्हणून सगळंच जपायचं असंही नाही. त्याच इंजिनाच्या ब्रीदरच्या नळीत कुणीतरी बाभळीची खुंटी ठोकलेली होती. ब्रीदरमधून तेलाचे थेंब पडायचे, ते बंद करायला. पिस्टन खाली येताना आतली हवा त्या वाटेनं बाहेर पडते. वाट बुजवल्यावर ती हवा मिळेल त्या सांध्यातून तेल घेऊन निघायला लागली. गाडी एका ठिकाणी गळायची ती दहा ठिकाणी गळू लागली. हे काम त्याच मिस्त्रीचं असेल यावर माझा विश्वास बसत नाही, हाताचं वळणच निराळं आहे. असतं तरी मी खुंटी काढलीच असती. कालामांच्या गावी बुद्धांनी सांगितलं ते गॅरेजात तंतोतंत लागू पडतं : परंपरेनं आलं म्हणून घेऊ नका, ग्रंथात आहे म्हणून घेऊ नका, आदरणीय माणूस सांगतो म्हणूनही घेऊ नका, त्यानं काय होतं ते स्वतः पाहा. कंपनीचं पुस्तक हा ग्रंथ आणि मिस्त्रीचा हात ही परंपरा. दोघांनाही हाच नियम.

तो प्लेटीलाही लावायला हवा होता. रेशनचं निळं रॉकेल आता आमच्याकडं दिसत नाही. पंपावरचं पेट्रोल चांगल्या ऑक्टेनचं आहे, त्यात वीस टक्के इथेनॉल. आमच्याच भागातल्या उसाचा अंश आता माझ्या टाकीत असतो. इंजिनाला त्या इंधनाची मात्रा थोडी जास्त लागते, म्हणून जेट एक नंबरनं वाढवला. टायमिंग पुन्हा जागेवर आणलं, नाहीतर सायलेन्सरची नळी जळून निळी पडली असती. दोन वाटांचा कॉक काढून डब्यात ठेवला. प्लेटीचं मूळ कारण संपलेलं आहे. नदी ओलांडल्यावर तराफा डोक्यावर घेऊन फिरू नका, असं बुद्धांनी भिक्खूंना सांगितलं होतं, धम्माबद्दलसुद्धा. त्या न्यायानं प्लेट निघायला हवी.

मी ती ठेवली. क्रँक उघडल्यावर दिसलं की मोठ्या टोकाला अजून जुन्या पद्धतीचं फिरतं बुश आहे, रोलर बेअरिंग नाही. बुशाचा खेळ मोजला, मर्यादेत आहे, पण नवीन नाही. कॉम्प्रेशन साडेसहावर नेलं तर प्रत्येक ठोका त्या बुशावर जास्त जोरानं बसेल. कमी दाबावर ते बरीच वर्षं निघेल. मिस्त्रीनं एका कारणासाठी घातलेली प्लेट आता दुसऱ्याच कारणानं उपयोगी पडते आहे. उद्या कुणी क्रँकला रोलर बेअरिंग बसवलं तर हेही कारण संपेल, तेव्हा तिनं खुशाल निघावं.

पण ज्याला ती काढायची आहे त्याला हे कळणार कसं? मला चार साक्षीदार मिळाले कारण मी त्याच धंद्यात आयुष्य घालवलं. म्हणून शाळेची एक शंभर पानी वही घेतली आणि टूलबॉक्समध्ये ठेवली. डावीकडं बदल, उजवीकडं कारण. पुढच्या स्प्रॉकेटचे दाते कमी आहेत, कारण काळ्या रानातल्या चिखलात ओझं ओढायचं होतं. ब्रीदरची खुंटी काढली, कारण अमुक. जेट बदलला, कारण तमुक. पुण्याच्या तरुणाला ती दाखवली. त्यानं उभ्यानंच सगळी वाचून काढली आणि पानांचे फोटो घेतले. विकत घ्यायचं अजून त्याच्या मनात आहे. "पण प्लेट मी काढणारच, सर," म्हणाला. मी म्हटलं, काढा, फक्त वहीत खाली लिहा.

प्लेटीच्या पानावर मी लिहिलं होतं : 'करणारे : पूर्णेच्या रेल्वे शेडमधून आलेले मिस्त्री. कारण : १९७३ नंतर पेट्रोल महाग झालं, रॉकेल स्वस्त होतं.' काकूंना ते वाचून दाखवायला गेलो. मिस्त्रीचं नाव नसलं तरी त्यांचा उल्लेख बरोबर झालाय ना, एवढंच विचारायचं होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि उजवीकडच्या रकान्यावर बोट ठेवलं.

"हे नाही बरोबर, गुरुजी. महाग-स्वस्ताचं नव्हतंच ते. तवा पेट्रोल हिकडं मिळायचंच नाही. परभणीला जायचं भरायला, अन् आणूस्तोवर निम्मं जाण्यायेण्यातच जळायचं. रॉकेलचं बॅरल पंपासाठी घरीच असायचं. म्हणून केलं मिस्त्रीनं."

हे लोखंडावर कुठं उमटलेलं नव्हतं. मी पेन काढून कारणाची ओळ खोडली आणि काकू सांगतील तसं खाली लिहायला लागलो. लिहून झाल्यावर त्या म्हणाल्या, "अन् पैसे घेतले नव्हते त्यानं. पायलीभर हळद नेली होती. तेबी लिवा."